शेरा नसलेला मेसेज: मॅक्लीन प्रकरण आणि संवेदनशील सरकारी माहितीची हाताळणी

जुलै २००३ च्या अखेरीस अमेरिकेत लास व्हेगासला नेमणुकीवर असलेल्या एअर मार्शलांच्या, म्हणजे प्रवासी विमानांत साध्या वेषात बसणाऱ्या सशस्त्र सरकारी सुरक्षारक्षकांच्या, मोबाइलवर एक मेसेज आला. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, बाहेरगावी मुक्काम करावा लागेल अशा सगळ्या कामगिऱ्या रद्द. मेसेजवर ‘गोपनीय’ असा शेरा नव्हता आणि ‘संवेदनशील’ असाही नव्हता. पुढे पावणेतीन वर्षांनी, याच मेसेजमधली माहिती पत्रकाराला दिली म्हणून रॉबर्ट मॅक्लीन या एअर मार्शलला बडतर्फ करण्यात आले. ती बडतर्फी कायद्यात बसते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल लागायला जानेवारी २०१५ उजाडला.

सरकारी माहिती कशी सांभाळावी हे शिकवताना सहसा मोठ्या चोरीची उदाहरणे देतात: लाखो नोंदी पळवल्या, लॅपटॉप चोरीला गेला. तिथे चोर बाहेरचा असतो, त्यामुळे दोष कुठे ठेवायचा हा प्रश्न सोपा असतो. मॅक्लीन प्रकरणात चोर कोणीच नाही. माहिती तयार करणारे खाते, ती हाताळणारा कर्मचारी, तिला संवेदनशील ठरवणारा नियम आणि कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा कायदा, सगळे एकाच सरकारच्या घरातले. म्हणून हे प्रकरण मला जास्त मोलाचे वाटते. माझ्या मते त्यातली मूळ चूक पत्रकाराला केलेल्या फोनच्या आधी, मेसेज पाठवण्याच्या क्षणीच घडली होती. पुढचे सगळे त्या चुकीचे परिणाम आहेत.

मधला पट्टा

अमेरिकेत ‘कॉन्फिडेन्शियल’, ‘सीक्रेट’, ‘टॉप सीक्रेट’ या तीन पातळ्यांवरची माहिती राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने गुप्त ठरते. ती कोण ठरवू शकतो, कशी ठेवायची, कधी खुली करायची, याची घडी बसलेली आहे. दुसऱ्या टोकाला सगळ्यांसाठी खुली माहिती. या दोहोंच्या मधे एक भलामोठा पट्टा आहे. ही माहिती गुप्त नाही, पण चव्हाट्यावर मांडावी अशीही नाही. कर्मचाऱ्यांच्या खासगी नोंदी, चालू तपासाचे कागद, करदात्यांची माहिती, धरणांचे आणि वीजकेंद्रांचे आराखडे, विमानतळावरच्या तपासणीच्या पद्धती हे सारे या पट्ट्यात मोडते.

या माहितीला प्रत्येक खात्याने आपापले नाव दिले होते. कोणी ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ म्हणे, कोणी ‘संवेदनशील पण अवर्गीकृत’, कोणी ‘कायदा अंमलबजावणीसाठी संवेदनशील’. असे शंभराहून अधिक शेरे चलनात होते. एका खात्यातला शेरा दुसऱ्या खात्यातल्या माणसाला कळेलच असे नव्हते, आणि बहुतेक शेऱ्यांना कायद्याचा थेट आधारही नव्हता.

वाहतूक सुरक्षेचे प्रकरण मात्र थोडे वेगळे होते. तिथे ‘सेन्सिटिव्ह सिक्युरिटी इन्फर्मेशन’, म्हणजे एसएसआय, नावाचा ठरलेला प्रकार होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायद्यात म्हटले होते की, जी माहिती उघड झाल्यास वाहतुकीच्या सुरक्षेला बाधा येईल असे वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे टीएसए, ठरवील, ती उघड करायला मनाई करणारे नियम टीएसएने करावेत. त्याप्रमाणे नियम झाले. एअर मार्शलांची संख्या, त्यांची तैनाती, त्यांच्या कामगिऱ्या आणि कामाच्या पद्धती यांचा तपशील एसएसआय आहे, असे त्या नियमांत नाव घेऊन लिहिले होते.

मनाई कायद्यात नव्हती, नियमात होती. कायद्याने फक्त नियम करायला सांगितले होते. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

घटनाक्रम

मॅक्लीन आधी हवाई दलात होते, मग सीमा गस्तीत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या दिवशी देशात एअर मार्शल होते अवघे ३३. हल्ल्यानंतर भरती धडाक्यात सुरू झाली आणि त्याच वर्षी मॅक्लीन या दलात आले.

जुलै २००३ मध्ये होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या, खात्याने विमान अपहरणाच्या संभाव्य कटाबद्दल इशारा दिला. हे खाते त्याच वर्षी मार्चमध्ये कामाला लागले होते. टीएसए आणि एअर मार्शल याच खात्याखाली येत. कॅमेऱ्याच्या सामानातून किंवा लहान मुलांच्या खेळण्यांतून शस्त्रे आणायची, परदेशातली ढिली तपासणी चुकवायची आणि विमाने पूर्व किनाऱ्यावरच्या ठिकाणांवर नेऊन आदळायची, असा कट असल्याची माहिती होती. मार्शलांना समोर बसवून याची कल्पना देण्यात आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मेसेज आला. ऐन धोक्याच्या काळात मुक्कामाच्या कामगिऱ्या रद्द करणे म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानांवरचे मार्शल काढून घेणे. ज्या विमानांना जास्त धोका आहे त्यांवर मार्शल असलाच पाहिजे, आणि न थांबता लांबवर जाणाऱ्या विमानांना प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगत होता. ११ सप्टेंबरला पळवलेली विमाने याच प्रकारची होती.

मॅक्लीन यांनी वरिष्ठाला कारण विचारले. बजेटमध्ये पैसे उरलेले नाहीत, हॉटेलचा खर्च वाचवायचा आहे, असे उत्तर मिळाले. मग त्यांनी खात्यातल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या महानिरीक्षक कार्यालयाला फोन लावला. आता काही करता येण्यासारखे नाही, असे तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले. त्यानंतर ते एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीच्या पत्रकाराशी बोलले.

बातमी आली. काँग्रेसच्या सदस्यांनी जाहीर टीका केली आणि चोवीस तासांत टीएसएने निर्णय मागे घेतला. मार्शल पुन्हा विमानांवर चढले. बातमी कोणी दिली हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

सप्टेंबर २००४ मध्ये मॅक्लीन वेषांतर करून एनबीसीच्या बातम्यांत दिसले. विषय वेगळाच होता. मार्शलांनी कोणते कपडे घालावेत याच्या नियमामुळे ते प्रवाशांत सहज ओळखू येतात, अशी त्यांची तक्रार होती. वेषांतर करूनही सहकाऱ्यांनी आवाज ओळखला. चौकशी बसली. तीत मॅक्लीन यांनी २००३ ची माहिती आपणच दिल्याचे स्वतः सांगितले. एप्रिल २००६ मध्ये त्यांना बडतर्फ केले गेले. कारण दिले ते एकच: परवानगीशिवाय एसएसआय उघड केली.

मेसेजची हाताळणी

आता त्या मेसेजकडे परत जाऊ. प्रकरणाचा गाभा तिथेच आहे, आणि दुर्दैवाने न्यायालयीन वादात त्याला सर्वांत कमी जागा मिळाली.

एसएसआय असलेला कागद दिसतो कसा, ते आधी पाहू. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत ‘सेन्सिटिव्ह सिक्युरिटी इन्फर्मेशन’. तळाशी इशारा: या नोंदीतली माहिती अमुक नियमांखाली नियंत्रित आहे, कामासाठी जिला ती जाणून घेणे गरजेचे नाही अशा व्यक्तीला लेखी परवानगीशिवाय देऊ नये, दिल्यास दंड किंवा इतर कारवाई होऊ शकते. हे प्रत्येक पानावर. कागद हाताशी नसेल तेव्हा तो कुलपाच्या कपाटात, कुलपाच्या टेबलात किंवा कुलपाच्या खोलीत. नष्ट करायचा तर पुन्हा जोडता येणार नाही असा.

कोणत्याही कार्यालयात काम केलेला माणूस सांगेल की, असा शेरा हातातल्या कागदाचे वजन बदलतो. तो कागद झेरॉक्स मशीनवर विसरून जाण्याची हिंमत होत नाही. शेरा वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळवतो: हा मजकूर नाजूक आहे, आणि पाठवणाऱ्याने याचा विचार केलेला आहे. मला दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. शेरा लिहायला थांबलेला माणूस आपोआप विचार करतो की, हे कोणाकोणाला पाठवायचे, कोणत्या मार्गाने पाठवायचे, आणि पाठवायलाच हवे का.

मॅक्लीन यांना आलेल्या मेसेजमध्ये हा थांबा दिसत नाही. शेरा नव्हता. शिवाय, कामाच्या संवेदनशील सूचनांसाठी वेगळे सुरक्षित यंत्र असताना हा मेसेज साध्या मोबाइलवर आला, म्हणूनच आपल्याला तो संवेदनशील वाटला नाही, असे मॅक्लीन यांचे म्हणणे राहिले. पाठवणाऱ्याच्या डोक्यात बहुधा हा ‘वेळापत्रकातला बदल’ होता: हॉटेलची बुकिंगे रद्द करा, घरीच राहा. प्रशासकीय कामकाज. पण मजकूर नीट वाचला तर त्यात एका शहरातून निघणाऱ्या एका प्रकारच्या विमानांवर अमुक तारखेपर्यंत सशस्त्र मार्शल नसणार, हे स्पष्ट लिहिलेले होते. नियमातल्या ‘तैनाती’ला हा मजकूर अगदी फिट बसतो.

रोजच्या कामातला सर्वांत मोठा धोका मला इथेच दिसतो. संवेदनशील माहिती ‘संवेदनशील’ म्हणून समोर येतेच असे नाही. ती रजेच्या अर्जात येते, प्रवासभत्त्याच्या बिलात येते, ड्युटीच्या तक्त्यात येते, गाडीच्या मागणीपत्रात येते. ज्या कारकुनाने आयुष्यात गुप्त फाइल पाहिलेली नाही, त्याच्या संगणकावर पुढच्या आठवड्यात कोण कुठे असणार हे सगळे असते.

काय करता आले असते? फार काही लागले नसते. साध्या मोबाइलवर एवढेच पाठवायचे: ‘तुमच्या पुढील नियोजनात बदल आहे, सुरक्षित यंत्रावर पाहा.’ या ओळीत शहर नाही, तारीख नाही, मुक्काम नाही. ती रस्त्यावर पडलेल्या फोनवर कोणी वाचली तरी हाती काही लागत नाही. तपशील सुरक्षित मार्गावर, शेऱ्यासह. आणि प्रत्येक मार्शलला फक्त त्याच्या स्वतःच्या कामगिरीपुरता. अमक्याची सोमवारची कामगिरी रद्द झाली हे त्याला कळणे गरजेचे आहे. सगळ्यांच्या सगळ्याच मुक्कामी कामगिऱ्या रद्द झाल्या हे धोरण एका ओळीत सगळ्यांना कळवायची गरज काय होती?

मॅक्लीन यांना धोक्याची जाणीव झाली ती नेमकी या शेवटच्या गोष्टीमुळे. त्यांना फक्त आपले रद्द झालेले काम दिसले असते तर कदाचित काहीच घडले नसते. म्हणजे, हाताळणी काटेकोर असती तर एक चुकीचा आणि घातक निर्णय झाकला गेला असता. ही अस्वस्थ करणारी बाजू मी लपवत नाही. माहिती नीट सांभाळणे आणि खात्याचा कारभार नीट असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, आणि म्हणूनच पहिलीच्या जोडीला तक्रारीचा चालता मार्ग लागतो.

बडतर्फीनंतरचा शेरा

बडतर्फीला मॅक्लीन यांनी मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डापुढे आव्हान दिले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अशा तक्रारी हे बोर्ड ऐकते. प्रकरण तिथे चालू असतानाच, ३१ ऑगस्ट २००६ रोजी, टीएसएने अधिकृत आदेश काढला की २००३ चा तो मेसेज एसएसआय होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मॅक्लीन यांनी या आदेशालाही वेगळे आव्हान दिले. २००८ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने टीएसएच्या बाजूने कौल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की, टीएसएने नवा नियम मागच्या तारखेने लावलेला नाही. २००३ मध्ये जो नियम होता तोच वाचून हा मजकूर त्यात बसतो असे ठरवले. शेरा असो वा नसो, मजकूर एसएसआय आहे की नाही हे मजकुरावरून ठरते. मात्र त्याच निकालात न्यायालयाने एक दार उघडे ठेवले: आपण प्रामाणिकपणे हे एसएसआय नाही असे समजत होतो, आणि तेव्हाचे नियम पुरेसे स्पष्ट नव्हते, हे मुद्दे मॅक्लीन बोर्डापुढे मांडू शकतात.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. शेरा नसला म्हणून नाजूक माहिती निर्धोक होत नाही, आणि २००४ मध्ये सुधारलेले नियम तर सांगतात की शेरा नसलेला एसएसआय कागद हाती आला तर घेणाऱ्याने त्यावर शेरा मारावा आणि पाठवणाऱ्यालाही तसे कळवावे. नियम चांगला आहे. पण घेणाऱ्यावर एवढी जबाबदारी टाकायची तर पाठवणाऱ्याची चूकही नोंदली गेली पाहिजे. ज्याने हा मजकूर शेऱ्याशिवाय अनेक मार्शलांच्या फोनवर पाठवला, त्याच्यावर काही कारवाई झाल्याचा उल्लेख या प्रकरणाच्या न्यायालयीन कथनात येत नाही. शिक्षेचा भार पूर्णपणे साखळीच्या शेवटच्या माणसावर पडला. हे अन्याय्य तर आहेच, पण व्यवहारातही घातक आहे, कारण त्यातून बाकीच्या कर्मचाऱ्यांना चुकीचा धडा मिळतो की हाताळणीची शिस्त फक्त खालच्यांसाठी असते.

मुदतीचाही प्रश्न आहे. ‘ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत’ची तैनाती ऑगस्ट संपल्यावर कोणाच्या काय उपयोगाची? ती माहिती काही दिवसच जिवंत होती, आणि प्रत्यक्षात तर निर्णयच चोवीस तासांत फिरवला गेला. ऑक्टोबर २००६ मध्ये, म्हणजे टीएसएच्या त्या आदेशानंतर काही आठवड्यांतच, काँग्रेसने खात्याच्या विनियोजन कायद्यात घातले की, तीन वर्षांहून जुनी आणि चालू सुरक्षा आदेशाचा भाग नसलेली एसएसआय मागणी आल्यास खुली करावी, आणि रोखायची असेल तर त्याचे कारण लेखी द्यावे. शेऱ्याला वय असते, हे त्यातून निदान मान्य झाले.

सर्वोच्च न्यायालय

२०११ मध्ये बोर्डाने मॅक्लीन यांच्या विरोधात निर्णय दिला. २०१३ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ नोव्हेंबर २०१४ ला युक्तिवाद झाले आणि २१ जानेवारी २०१५ ला सात विरुद्ध दोन असा निकाल मॅक्लीन यांच्या बाजूने लागला. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिला.

प्रश्न असा होता. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा म्हणतो की, सार्वजनिक सुरक्षेला ठोस आणि गंभीर धोका आहे किंवा कायद्याचा भंग होतो आहे असे ज्याला रास्तपणे वाटते, त्याने माहिती उघड केली तर त्याच्यावर सूडाची कारवाई करता येणार नाही. याला अपवाद दोन: ते उघड करायला कायद्याने विशिष्ट मनाई असेल तर, किंवा राष्ट्रीय संरक्षणासाठी अथवा परराष्ट्र व्यवहारासाठी ती माहिती गुप्त ठेवण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश असेल तर. टीएसएचा नियम ‘कायद्याने मनाई’ या अपवादात बसतो का?

बहुमताने म्हटले, नाही. याच अधिनियमात इतरत्र काँग्रेसने ‘कायदा, नियम वा विनियम’ अशी लांब यादी लिहिली आहे आणि या अपवादात फक्त ‘कायदा’ लिहिला आहे, तेव्हा हा फरक जाणूनबुजून केलेला आहे. खात्याचा नियम त्यात घुसवला तर हवे ते खाते स्वतःच नियम करून आपल्या कर्मचाऱ्यांचे तोंड बंद करू शकेल, आणि जागल्यांचा कायदा कागदावरच राहील. मूळ कायदाही मनाई करत नाही. तो टीएसएला नियम करायला सांगतो, आणि काय झाकायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य टीएसएला देतो.

न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी भिन्न मत लिहिले आणि न्यायमूर्ती अँथनी केनेडी त्यांच्यासोबत गेले. खात्याचा नियम म्हणजे ‘कायदा’ नव्हे, हे त्यांनाही मान्य होते. पण काँग्रेसनेच ‘मनाई करणारे नियम करावेत’ असे आज्ञार्थी लिहिले आहे, म्हणजे मनाई काँग्रेसचीच आहे, असे त्यांचे म्हणणे. हे मत झटकून टाकण्याजोगे नाही. काँग्रेसने काय झाकायचे याचा निकष दिला आणि झाकायला सांगितलेही, फक्त तपशील खात्यावर सोपवला.

सरकारची भीतीही खरी होती. टीएसएचे सुमारे ६०,००० कर्मचारी. प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवायचे की कोणती सुरक्षेची माहिती जनहितासाठी सांगावी, तर काय होईल? मॅक्लीन यांच्या बाजूने असलेल्यांनीही या प्रश्नाला टाळून जाऊ नये. ‘अमुक विमानांवर मार्शल नाही’ ही बातमी वाचणाऱ्यांत कट रचणारेही असू शकतात. निर्णय चोवीस तासांत मागे घेतला गेला म्हणून निभावले. तसे झाले नसते तर? बहुमताने ही भीती फेटाळली नाही. उत्तर दिले ते एवढेच की, त्यावरचा उपाय काँग्रेसने किंवा राष्ट्राध्यक्षांनी करायचा आहे. कायद्यात मनाई लिहा, किंवा राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढावा.

दुसरा मार्ग होता का

जागल्यांच्या कायद्यात पत्रकाराआधीचे काही मार्ग आहेत. ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल या स्वतंत्र कार्यालयाला किंवा खात्याच्या महानिरीक्षकाला माहिती देणे केव्हाही संरक्षित आहे, मग त्या माहितीवर मनाई असो वा ती चक्क गुप्त असो. काँग्रेसला माहिती देण्याचा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा हक्क तर १९१२ च्या कायद्यापासूनचा आहे.

मॅक्लीन यांनी यातला एक मार्ग वापरला आणि तो बंद निघाला. दुसरे दोन वापरले नाहीत. काँग्रेसमधल्या संबंधित समितीला फोन केला असता तर कदाचित मार्शल तितक्याच लवकर परत आले असते आणि तपशील बातम्यांत आला नसता. हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण कामगिऱ्या रद्द व्हायला काही दिवसच होते आणि खात्याच्या अधिकृत दारावर ‘काही करता येणार नाही’ असे ऐकून आलेल्या माणसाला आणखी दोन दारे आहेत हे माहीत असण्याची शक्यता किती? एसएसआयच्या प्रशिक्षणात काय लपवायचे हे शिकवतात. चूक दिसली तर नेमके कोणाला सांगायचे, फोन नंबर कोणता, किती वेळात उत्तर मिळाले पाहिजे, हे त्याच प्रशिक्षणात, त्याच दिवशी शिकवायला हवे. नोव्हेंबर २०१२ च्या सुधारणा कायद्याने निदान एवढे केले की, कर्मचाऱ्याकडून गुप्ततेच्या करारावर सही घेताना, हा करार त्याचे जागल्या म्हणून असलेले हक्क कमी करत नाही, हे वाक्य त्यात असले पाहिजे.

पुढे काय बदलले

मॅक्लीन यांना २०१५ मध्ये कामावर परत घेण्यात आले.

शेऱ्यांच्या गोंधळावरचा मोठा उपाय त्याआधीच सुरू झाला होता. ४ नोव्हेंबर २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी आदेश क्रमांक १३५५६ काढला. ‘कंट्रोल्ड अनक्लासिफाइड इन्फर्मेशन’, म्हणजे सीयूआय, अशी एकच चौकट सगळ्या खात्यांना लावायची आणि जिला कायदा, नियम किंवा सरकारव्यापी धोरण यांचा आधार आहे तीच माहिती त्यात घ्यायची. म्हणजे कोणा साहेबाला वाटले म्हणून शेरा मारता येणार नाही. अंमलबजावणी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवली गेली. सविस्तर नियम यायला सहा वर्षे लागली आणि ते नोव्हेंबर २०१६ पासून लागू झाले. एसएसआय आता याच चौकटीत, स्वतःच्या खास नियमांसह, नोंदलेली आहे.

चौकट एक झाली म्हणून हाताळणी सुधारतेच असे नाही. त्याचा पुरावा टीएसएनेच २००९ मध्ये दिला होता. विमानतळावरच्या तपासणीची त्यांची कार्यपद्धती सरकारी खरेदीच्या वेबसाइटवर टाकताना एसएसआयचे परिच्छेद काळ्या पट्ट्यांनी झाकले होते, पण पट्टे फक्त वर चिकटवलेले होते. खालचा मजकूर फाइलमध्ये तसाच होता आणि कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येत होता. तिथे शेरा होता, वर्गीकरण बरोबर होते, झाकायचे काय हेही बरोबर ठरवले होते. शेवटच्या टप्प्यावर, फाइल सेव्ह करणाऱ्या माणसाला साधन कसे वापरायचे हे माहीत नव्हते किंवा कोणी तपासले नाही. असा मजकूर फाइलमधून पुसून टाकावा लागतो, आणि बाहेर पाठवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाने तो निवडून, कॉपी करून पाहावा लागतो. या तपासणीला एक मिनिट लागते.

२०१६ च्या नियमांतले एक कलम मॅक्लीन प्रकरणाच्या थेट ओळीत बसते. माहितीवर सीयूआयचा शेरा आहे, एवढ्यावरून ती उघड करणे कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरत नाही, आणि जागल्यांचे कायदेशीर संरक्षण या नियमांनी बदलत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. शेरा कपाटाच्या कुलपासाठी, ई-मेलच्या मार्गासाठी, कागद कोणाच्या हाती द्यायचा त्यासाठी. कर्मचाऱ्याला शिक्षा करायची तर कायद्यातली मनाई स्वतंत्रपणे दाखवावी लागेल.

उरतो तो मेसेज पाठवणारा. सीयूआयच्या नियमांतही माहिती निर्माण करणाऱ्याने, ती इतरांना देण्यापूर्वी, तिच्यावर शेरा मारायचा आहे. नियंत्रण कार्यालयात ड्युटीचे बदल टाइप करणाऱ्या माणसाला हे माहीत आहे का, त्याच्या संगणकावरच्या मेसेजच्या चौकटीत शेऱ्याची जागा आहे का, आणि तपशील सुरक्षित मार्गावर टाकायला त्याला एक क्लिक पुरते की दहा मिनिटे घालवावी लागतात, हे प्रत्येक खात्याने त्या खुर्चीशेजारी बसून पाहायचे काम आहे.